डेव्हलपरांच्या ऑनलाइन समूहात अवांतर गप्पांचा कट्टा कसा उभारावा आणि कसा सांभाळावा

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा ऑनलाइन समूह पायथनचा असो, लिनक्सचा असो किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी टेलिग्रामवर काढलेला असो, सदस्यसंख्या वाढली की एक अडचण हमखास येते. कोणाचा तरी सर्व्हर बंद पडलेला असतो आणि तो मदत मागत असतो. त्याच वेळी दुसरा कोणी नव्या मेकॅनिकल कीबोर्डचा फोटो टाकतो, त्यावर धडाधड प्रतिसाद येतात आणि मूळ प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. असे दोन-तीनदा घडले की संचालक ‘येथे केवळ तांत्रिक चर्चा करावी’ अशी सूचना लावतात. त्या सूचनेने गोंधळ थांबतो हे खरे, परंतु लोकांची आपसात ओळख होणेही थांबते, आणि जिथे कोणी कोणाला ओळखत नाही तिथे नवखा माणूस साधा प्रश्न विचारायला धजावत नाही.

म्हणून माझे ठाम मत असे आहे की अवांतर गप्पा हा तांत्रिक समूहाचा आवश्यक भाग असून मदतीच्या जागेइतक्याच विचारपूर्वक त्यांची सोय करावी लागते. चहा, ट्रेक, क्रिकेट किंवा कीबोर्ड यांवर ज्यांच्याशी चार शब्द बोलणे झाले आहे, त्यांच्यासमोर ‘गिटमधले रिबेस मला अजून नीट समजलेले नाही’ (गिट म्हणजे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) हे कबूल करणे सोपे जाते. आणि अनुभवी माणसालाही ओळखीच्या नावाखालचा प्रश्न वाचून उत्तरासाठी वेळ काढावासा वाटतो. ज्यांच्याकडे असा समूह चालवण्याची जबाबदारी आहे, त्यांच्यासाठी पुढील पायऱ्या लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : गप्पांना वेगळी आणि ठळक जागा द्या

ही युक्ती जुनी आहे. फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी ही गप्पांची प्रणाली तयार केली आणि पुढे मुक्त सॉफ्टवेअरचे बहुतेक प्रकल्प तिच्यावर भेटू लागले. उबुंटू, डेबियन, आर्च लिनक्स अशा प्रकल्पांनी मदतीच्या चॅनेलशेजारीच, त्याच नावापुढे ‘ऑफटॉपिक’ जोडून दुसरे चॅनेल उघडले. फ्रीनोड या जाळ्यावर तर नावांचीच शिस्त होती: हॅशच्या एका चिन्हाने सुरू होणारे नाव अधिकृत प्रकल्पाचे, आणि दोन चिन्हांनी सुरू होणारे नाव अनौपचारिक गटाचे. आज फ्रीनोडनंतर आलेल्या लिबेरा चॅट या जाळ्यावरही हीच पद्धत चालते. या व्यवस्थेतला महत्त्वाचा भाग असा की गप्पांच्या जागेचा पत्ता मदतीच्या चॅनेलच्या वर्णनातच लिहिलेला असे, त्यामुळे एखाद्याला ‘इथे नको’ असे सांगावे लागले तरी ‘मग कुठे’ हे त्याला आधीच माहीत असे. पत्ता न देता केवळ मनाई केली की माणूस दुखावतो आणि गट सोडून जातो.

जागा किती असाव्यात, हे गर्दीवर ठरवावे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या माध्यमावरील पायथन डिस्कॉर्ड या प्रचंड मोठ्या समूहात अवांतर गप्पांसाठी तीन चॅनेले आहेत. एकात संभाषण रंगलेले असेल तर दुसरा विषय घेऊन आलेल्याने मोकळ्या चॅनेलकडे वळावे, अशी तिथली अपेक्षा असते. त्या चॅनेलांची नावे बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) रोज बदलतो आणि ती गमतीदार असतात. बदल जागतिक वेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला होतो, त्यामुळे लवकर उठणाऱ्या भारतीय सदस्यांना नवे नाव ताजे ताजे वाचायला मिळते. ही कल्पना मला फार आवडते, कारण नाव बदलले की नुसते त्या नावावरूनही बोलणे सुरू होते. मात्र चारपाचशे लोकांच्या गटाने तीन चॅनेले उघडण्याचा मोह टाळावा. तीन रिकाम्या खोल्यांपेक्षा एक भरलेली खोली केव्हाही बरी, आणि दुसरी खोली उघडण्याची वेळ झाली की सदस्य स्वतःच तसे सांगू लागतात.

माध्यम निवडताना त्याची मर्यादा पाहावी. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात सगळे बोलणे एकाच प्रवाहात येते, म्हणून तिथे अवांतरासाठी स्वतंत्र गट काढून तो २०२२ मध्ये आलेल्या ‘कम्युनिटी’ सुविधेने मुख्य गटाशी जोडावा. टेलिग्रामवर त्याच वर्षी मोठ्या गटांसाठी ‘टॉपिक’ची सोय आली, तिच्यामुळे एकाच गटात मदत, नोकऱ्या आणि गप्पा असे कप्पे करता येतात. झुलिप या गप्पांच्या माध्यमात प्रत्येक संदेशाला विषयाचे शीर्षक असते आणि संचालकाला भरकटलेले संदेश उचलून दुसऱ्या विषयाखाली ठेवता येतात. अवांतर बोलणे कोणालाही न दुखावता बाजूला नेण्यासाठी याहून सोयीची रचना मी वापरलेली नाही. कार्यालयीन संवादाच्या स्लॅक या माध्यमावर नव्या कार्यक्षेत्रात (वर्कस्पेसमध्ये) ‘जनरल’बरोबर ‘रँडम’ हे चॅनेल आयते मिळण्याची प्रथा अनेक वर्षे होती आणि कार्यालयीन जगात अवांतर गप्पांना मान्यता मिळवून देण्यात तिचा वाटा मोठा आहे. मात्र स्लॅकच्या विनामूल्य योजनेत २०२२ पासून केवळ मागील ९० दिवसांचे संदेश दिसतात, हे ध्यानात ठेवावे. गप्पांच्या बाबतीत ही मर्यादा अडचणीची नाही; तांत्रिक उत्तरांच्या बाबतीत आहे.

दुसरी पायरी : नियम थोडके ठेवा, पण लेखी ठेवा

‘सभ्यतेने वागा’ एवढे लिहून भागत नाही, कारण असभ्य वागणाऱ्यालाही आपण सभ्यच आहोत असे वाटत असते. नियम वागण्याचा नेमका प्रकार सांगणारा असावा. न्यूयॉर्कमधील रिकर्स सेंटर या प्रोग्रामरांच्या संस्थेने आखलेले चार सामाजिक नियम या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहेत. पहिला, खोटे आश्चर्य दाखवू नये: ‘काय, तुम्हाला डॉकर माहीत नाही?’ या वाक्यातून डॉकर हे सॉफ्टवेअर काय आहे ते कोणालाही समजत नाही, फक्त समोरचा माणूस पुन्हा विचारायचा थांबतो. दुसरा, बोलण्याच्या ओघाशी संबंध नसलेली बारीकसारीक चूक काढून कोणाला मध्येच तोडू नये. तिसरा, ज्या चर्चेत आपण पूर्ण सहभागी नाही तिच्यात बाहेरून सल्ले फेकू नयेत. चौथा, लिंग, वंश, समाज अशा कोणत्याही ओळखीवरून सूक्ष्म टोमणा मारू नये. यांपैकी कोणताही नियम मोडणे हा मोठी शिक्षा व्हावी असा गुन्हा मानलेला नाही. चूक दाखवून दिली की ‘बरोबर, लक्षात ठेवतो’ म्हणून पुढे जावे, अशी त्यामागची भूमिका आहे आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते.

मराठी समूहात या चौघांत एका नियमाची भर घालावी, ती संबोधनाबाबत. आपल्याकडे अनोळखी डेव्हलपरला सरसकट ‘सर’ म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे स्त्री सदस्यांना दर थोड्या दिवसांनी दुरुस्ती करावी लागते किंवा गप्प बसावे लागते. उलट दोन दिवसांच्या ओळखीवर ‘भाई’, ‘ब्रो’ आणि एकेरीवर येणारेही असतात. नाव घेऊन ‘तुम्ही’ म्हणावे आणि ‘तू’वर येण्याचा प्रस्ताव ज्येष्ठ व्यक्तीकडून येऊ द्यावा, असे एका ओळीत लिहून ठेवले की हा प्रश्न बहुतांशी मिटतो.

राजकारण आणि धर्म या विषयांचे काय करायचे, हे भांडण होण्याआधी ठरवावे. माझा सल्ला असा की तांत्रिक समूहाच्या कट्ट्यावर निवडणुका, पक्ष, जात आणि धर्म या विषयांना जागा देऊ नये. परंतु व्यवसायाशी थेट निगडित धोरणे, उदाहरणार्थ विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा, परदेशी व्हिसाचे नियम किंवा मुक्त सॉफ्टवेअरविषयक शासकीय निर्णय, यांवर बोलण्यास मोकळीक असावी. हा नियम आणण्याची रीतही महत्त्वाची आहे. बेसकॅम्प या सॉफ्टवेअर कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये आपल्या अंतर्गत व्यासपीठावर सामाजिक व राजकीय चर्चा बंद करत असल्याचे वरून जाहीर केले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत सुमारे एकतृतीयांश कर्मचाऱ्यांनी कंपनी सोडल्याच्या बातम्या आल्या. तिथे इतरही कारणे होती आणि स्वयंसेवी समूह म्हणजे कंपनी नव्हे. तरीही नियमाचा मसुदा आधी सदस्यांसमोर ठेवावा, आठवडाभर मते मागवावीत आणि मगच तो लागू करावा, एवढे त्यातून नक्की घेता येते.

कट्ट्याच्या वर लावण्यासाठी पुढील मजकूर जसाच्या तसा वापरला तरी चालेल: ‘ही जागा अवांतर गप्पांसाठी आहे. तांत्रिक मदत हवी असल्यास मदत विभागात विचारावे, म्हणजे उत्तर हरवणार नाही. एकमेकांना नावाने व आदराने संबोधावे. कोणाच्या अज्ञानाचे आश्चर्य दाखवू नये. पक्षीय राजकारण, जात आणि धर्म यांवरील वाद येथे करू नयेत. नोकरीच्या जाहिराती त्यांच्या विभागात टाकाव्यात. येथील बोलणे बोलणाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर नेऊ नये.’

तिसरी पायरी : भरकटलेली चर्चा हलवण्याचे तंत्र शिका

कट्टा टिकतो की नाही हे या कामावर ठरते, म्हणून याचा विस्ताराने विचार करतो. मदतीच्या चॅनेलवर गप्पा सुरू झाल्या की नवखा संचालक लगेच ‘विषयाला धरून बोला’ असे लिहितो. सूचना योग्य असते, पण सगळ्यांसमोर आलेली ती एक ओळ ज्याला लागायची त्याला लागते आणि तो कट्ट्यावरही येत नाही.

प्रथम पाहावे की कोणाचा प्रश्न खोळंबला आहे का. खोळंबला नसेल तर चारसहा अवांतर संदेशांनी काही बिघडत नाही. प्रश्न सुटल्यावर विचारणारा आणि सांगणारा दोन मिनिटे हसून बोलले, तर ती समूहाची कमाईच आहे. खोळंबला असेल तर आधी त्या प्रश्नाला प्रतिसाद द्यावा, म्हणजे सर्वांचे लक्ष आपोआप तिकडे वळते. त्यानंतर संचालकाने स्वतः कट्ट्यावर जाऊन त्या विषयावर पहिला संदेश लिहावा, आणि मग मूळ जागी परत येऊन एवढेच म्हणावे: ‘कीबोर्डचा विषय छान रंगला आहे, मी कट्ट्यावर माझ्या कीबोर्डचा फोटो टाकला आहे, पुढचे तिकडे बोलूया.’ या वाक्यात कोणावर दोष नाही, विषयाचे कौतुक आहे, आणि दुसऱ्या जागी कोणीतरी वाट पाहत असल्याचे आश्वासनही आहे. रिकाम्या खोलीत पहिले पाऊल टाकायला माणसे बिचकतात, म्हणून ते संचालकानेच टाकायचे.

उलट दिशेची हालचालही तितकीच काळजीने करावी. कट्ट्यावर गप्पा मारता मारता कोणी खरी तांत्रिक अडचण मांडतो, आणि ‘हे मदत विभागात विचारा’ म्हणून त्याला परतवले जाते. असे करण्याऐवजी तिथेच थोडक्यात उत्तर द्यावे आणि प्रश्न मोठा असेल तर त्याच्याच शब्दांत तो मदत विभागात मांडून दुवा कट्ट्यावर ठेवावा. एकाच व्यक्तीला वारंवार सांगावे लागत असेल, तर सार्वजनिक सूचना थांबवून खासगी संदेश पाठवावा, आणि त्यात तक्रारीऐवजी कारण लिहावे: ‘रात्री मदत मागणारे बरेच जण मोबाइलवरून वाचतात, त्यांना प्रश्न शोधणे जड जाते.’

चौथी पायरी : विनोद ओळखू येईल अशी सोय करा

लेखी गप्पांत चेहरा दिसत नाही आणि आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे थट्टा खरी समजली जाते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र विभागाच्या ऑनलाइन फलकावर सप्टेंबर १९८२ मध्ये नेमके हेच झाले. लिफ्ट मुक्तपणे खाली पडू लागली तर आतल्या मेणबत्तीचे, पाऱ्याचे काय होईल असे काल्पनिक प्रश्न तिथे चालले होते. त्यात कोणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची सूचना गमतीने लिहिली आणि काहींना ती खरी वाटली. मग विनोदाला खूण असावी यावर चर्चा झाली, आणि १९ सप्टेंबर रोजी स्कॉट फॅलमन यांनी :-) हे चिन्ह सुचवले. आज जगभर वापरली जाणारी हसऱ्या चेहऱ्याची खूण संगणकवाल्यांच्या अवांतर गप्पांतून आली आहे, हे सांगताना मला खरोखर आनंद होतो.

कट्ट्यावर म्हणूनच एक साधी रीत पाडावी: उपरोध असेल तर खूण करावी, आणि गैरसमज झाला तर समजावून सांगणे लिहिणाऱ्याचे काम मानावे, वाचणाऱ्याला ‘विनोद कळत नाही’ असे म्हणू नये. विशेषतः ‘हा आदेश चालवा, सगळे ठीक होईल’ असे म्हणून फाइली पुसून टाकणारा आदेश लिहिण्याच्या थट्टेला पूर्ण बंदी असावी. नवशिक्यांनी असे आदेश खरोखर चालवले आहेत आणि त्यांचे काम गेले आहे.

विनोदाचे दुसरे टोकही पाहावे. १ एप्रिल १९९० रोजी कबुतरांच्या पायाला कागद बांधून इंटरनेटचे पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, पाठवण्याचे एक थट्टेचे मानक इंटरनेटच्या मानकांच्या ‘आरएफसी’ मालिकेत क्रमांक ११४९ म्हणून प्रसिद्ध झाले. नॉर्वेतील बर्गन येथील लिनक्स वापरकर्त्यांच्या गटाने एप्रिल २००१ मध्ये ते खरेच अमलात आणले: नऊ पॅकेटे पाठवली, चारांची उत्तरे आली. अशा उद्योगांना कट्ट्यावर मनापासून जागा द्यावी, कारण एकत्र मिळून केलेली निरुपयोगी गोष्टही माणसे जोडते.

पाचवी पायरी : वाद तापला की वेग कमी करा

कोडच्या ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस, कोड लिहायला व्हिम की ईमॅक्स, सेवेत असताना फावल्या वेळात दुसरे काम करावे की नाही, असे वादाचे विषय ठरलेले आहेत. सोप्या विषयावर सर्वांत जास्त बोलले जाते, हे सी. नॉर्थकोट पार्किन्सन या ब्रिटिश लेखकाने १९५७ मध्ये, समिती अणुभट्टीचा खर्च झटपट मंजूर करते पण सायकलींच्या शेडवर घोळ घालत बसते, असे उदाहरण घेऊन मांडले होते, आणि १९९९ मध्ये पॉल-हेनिंग कांप यांनी फ्रीबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीच्या मंडळींना ते उदाहरण ऐकवल्यापासून प्रोग्रामरांच्या बोलण्यात ते रूढ झाले. टॅब-स्पेसचा वाद कट्ट्यावर खुशाल चालू द्यावा. तोच वाद प्रकल्पाच्या निर्णयप्रक्रियेत शिरला तर मात्र तो उचलून कट्ट्यावर आणावा.

व्यक्तीवर टीका सुरू झाली की ‘स्लो मोड’ वापरावा. डिस्कॉर्डवर दोन संदेशांतील अंतर काही सेकंदांपासून सहा तासांपर्यंत आणि टेलिग्रामवर एका तासापर्यंत ठेवता येते. साधारणतः एका मिनिटाचे अंतर पुरते, कारण तेवढ्या वेळात माणूस आपले वाक्य पुन्हा वाचतो. तो लावताना कारण आणि मुदत जाहीर करावी, आणि मुदत संपताच न विसरता काढावा.

सहावी पायरी : कट्टा जागता ठेवा

‘काय चालले आहे?’ या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. प्रश्न छोटा आणि नेमका असावा: पहिला संगणक कोणता होता, मराठी टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट वापरता की उच्चारानुसारी कळफलक, श्रीलिपी या जुन्या फाँट-प्रणालीतले दस्तऐवज युनिकोडमध्ये आणताना कोणते जोडाक्षर मोडले. शेवटच्या प्रश्नावर मराठी डेव्हलपर कितीही वेळ बोलू शकतात, आणि त्यातून एखादे उपयुक्त साधनही जन्माला येते.

परदेशातील सदस्य असतील तर वेळेचा विचार करावा. पुण्यात रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात लंडनला संध्याकाळचे साडेपाच आणि कॅलिफोर्नियात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. साप्ताहिक गप्पांसाठी ही वेळ सर्वांना जमण्याजोगी आहे.

सातवी पायरी : खासगीपणा आणि अडचणीतला माणूस

गप्पांच्या ओघात लोक पगार, नोटीस पीरियड, कंपनीतील कपात याविषयी लिहून जातात. कट्ट्यावरचे बोलणे शोधयंत्रांना दिसते का, किती काळ साठते आणि कोण वाचू शकते, हे वर्णनात स्पष्ट लिहावे. ग्राहकाचे नाव, अप्रकाशित उत्पादनाची माहिती किंवा कोडमधील गुप्त कळ (सेवेत प्रवेश देणारा पासवर्डसारखा संकेत) दिसली तर संदेश तत्काळ काढून लिहिणाऱ्याला खासगीत कळवावे. उघडी पडलेली कळ लगेच बदलावी लागते, नुसता संदेश पुसून भागत नाही, हेही त्याला सांगावे.

नोकरी गेल्यावर किंवा एकटेपणात कोणी निराशेचे लिहिले, तर त्याला दिल्या जाणाऱ्या सल्ल्यांचा भडिमार थांबवून एका संचालकाने त्याच्याशी स्वतंत्रपणे बोलावे. भारत सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. हा क्रमांक कट्ट्याच्या वर्णनात कायम ठेवावा.

आठवी पायरी : जबाबदारी वाटून घ्या

एकट्या माणसाने कट्टा सांभाळू नये. किमान तीन संचालक असावेत, त्यांपैकी एक तरी वेगळ्या वेळक्षेत्रातला असावा, आणि कोणता संदेश का काढला याची नोंद तिघांना दिसेल अशा ठिकाणी ठेवावी. संचालकाविरुद्धची तक्रार कोणाकडे करायची, हेही लिहिलेले असावे.

माध्यम आपल्या मालकीचे नाही, याचीही तयारी ठेवावी. मे २०२१ मध्ये फ्रीनोडच्या नियंत्रणावरून वाद झाला, तिथल्या स्वयंसेवकांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट सुरू केले आणि अनेक प्रकल्प थोड्याच दिवसांत तिकडे गेले. ज्या प्रकल्पांचा पत्ता स्वतःच्या संकेतस्थळावर होता त्यांना नवे ठिकाण तिथे जाहीर करता आले. आपल्या समूहाचे एक पान स्वतःच्या डोमेनवर असावे, त्यावर मदत विभाग, कट्टा आणि संचालक यांचे चालू पत्ते द्यावेत, आणि त्या डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख किमान दोन जणांच्या कॅलेंडरमध्ये नोंदवून ठेवावी.